हिरामणकाकांच्या अकरा डीव्हीडी

हिरामणकाकांशी पाठीमागून बोललेलं त्यांना चालत नसे. भिवंडीजवळच्या दापोड्याच्या गोदामात मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले, त्या पहिल्याच दिवशी हे मला कळलं. हातात मालाचं चलन घेऊन मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि दोनदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. शेवटी मी वळसा घालून पुढे गेले, तेव्हा चलन हातात घेत ते शांतपणे म्हणाले, "पोरी, मानसाचं बोलनं तोंडावर असतं, पाठीवर न्हाय. समोर येत जा."

माणूस मानी आहे, असं मी मनाशी ठरवलं. ऑफिसात सगळ्यांचं तेच मत होतं.

काका जवळच्याच पूर्णा गावचे. हिरामण भोईर. भिवंडीतल्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात ते सत्तावीस वर्षं जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. तो कारखाना बंद पडल्यावर ते आमच्या गोदामात डॉक सुपरवायझर झाले. डॉक म्हणजे गाड्या मागे घेऊन जिथे माल उतरवतात तो कंबरेएवढा उंच कट्टा. त्याच्या कडेला उभं राहून काका नुसत्या हातांनी चाळीस फुटी कंटेनर मागे घ्यायचे. दोन बोटं हलवली की गाडी वीतभर डावीकडे, तळहात उघडला की जागच्या जागी थांबे. माझ्या खिडकीतून ते दिसायचं आणि हातातलं काम सोडून मी बघत राहायचे.

ड्रायव्हरांशी ते इंग्रजीही बोलत. एखाद्या सरदारजीला अदबीनं विचारत, "व्हॉट इज युवर कॉम्मंड, हुजूर?" कुणी घाई केली की म्हणत, "लिस्टेन, ब्रदर, लिस्टेन." त्यातला 'ट' अगदी ठणठणीत. आम्ही हसायचो. तेही हसायचे.

वर्ष बहुधा दोन हजार आठ असेल. काकांच्या जावयानं मस्कतहून त्यांना एक व्हिडिओ प्लेअर आणला. हातात मावणारा, पाच इंची पडद्याचा. दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलासमोर आले. धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेल्या अकरा डीव्हीडी त्यांनी टेबलावर ठेवल्या. सगळे जुने हिंदी सिनेमे, सगळ्या कंपनीच्या, छापील कव्हरासकट.

"यातलं सिनेमं या डबीत भरता येतील?"

"येतील की. पण काका, एवढ्या महागाच्या कशाला घेतल्यात? मंडईत तर ढिगानं मिळतात."

"डुप्लिकेट आपल्याला न्हाय चालत," ते म्हणाले. घरी टीव्ही सुनेच्या मालिकांना आणि नातवंडांच्या कार्टूनना लागत होता. म्हणून हातातलं यंत्र.

त्यांच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटलं आणि मी डिस्का घरी नेल्या. एका सिनेमाची फाइल व्हायला तीन-चार तास लागायचे. त्यात भिवंडीचं लोडशेडिंग. ऐंशी टक्के काम झालं की दिवे जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पंधरवडाभर मी तेच करत होते. सिनेमाच्या खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती ठेवायची की नाही असं ते सॉफ्टवेअर दर वेळी विचारायचं. एवढ्याशा पडद्यावर अक्षरांनी चित्र झाकलं जाऊ नये म्हणून मी दर वेळी 'नाही' म्हटलं. काकांसाठी आपण काहीतरी जास्तीचं केलं, याचं मला समाधानही वाटलं.

प्लेअर हातात घेऊन काका म्हणाले, "फस्क्लास. लई मेहनत केलीस." त्यानंतर ते रोज जेवणाच्या सुट्टीत कॅंटीनच्या कोपऱ्यात, इअरफोन लावून, सिनेमा बघत बसायचे.

चार-पाच दिवसांनी मी कॅंटीनमध्ये गेले, तर गाणं मोठ्यानं वाजत होतं. लोक काकांकडे बघून हसत होते. इअरफोन काकांच्या कानांत होते, पण त्याची पिन प्लेअरमधून निघून शर्टावर लोंबत होती. सगळं कॅंटीन ते गाणं ऐकत होतं. काका मात्र मान खाली घालून, अगदी निवांतपणे, पडद्याकडे बघत होते. मी मागून हाक मारली. मग जोरात मारली. मग पुढे गेले आणि ती पिन जागेवर खोचली. काकांनी आधी पिनेकडे पाहिलं, मग हसणाऱ्या चेहऱ्यांकडे आणि मग माझ्याकडे.

संध्याकाळी सुटल्यावर ते फाटकापाशी थांबले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बारा-तेरा वरसं झाली. मागाच्या खात्यात कोन कानानं ऐकतं? सगली एकमेकांची तोंडं वाचतात. कान कवा गेलं, मनाच कललं न्हाय." मग जरा संकोचानं ते म्हणाले, "पोरी, खाली ती अक्षरं येत व्हती. ती कुठं गेली?"

छापील डीव्हीडीच का, ते आता कळलं. मंडईतल्या डिस्कांवर अक्षरं नसतात. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीवर, शेजारी डिक्शनरी ठेवून, काका ते सिनेमे वाचत आले होते. 'लिस्टेन' हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"तू इतकी खपलीस. म्हटलं, चित्रं तर हायेत." मग माझ्या तोंडाकडे रोखून बघत ते म्हणाले, "कोनाला सांगू नको. घरी माझी बायको सुमन सोडून कोनाला म्हाईत न्हाय. इथं कललं तर उद्या घरी बसवतील. घरी बसलो का संपलो मी."

मी कबूल केलं. त्यांचे डोळे इतरांच्या कानांपेक्षा तेज आहेत, अशी स्वतःची समजूतही घातली. अकराही सिनेमे मी पुन्हा केले, या वेळी मोठ्या अक्षरांसकट. त्या खुशीत दोन महिने गेले. खिडकीतून काकांचे हात बघताना मात्र आता माझी नजर त्यांच्या मागच्या कट्ट्यावर जाई. गाडी मागे येताना त्यांची पाठ सबंध डॉककडे असायची.

मग एका दुपारी ते घडलं. काका एक कंटेनर मागे घेत होते. त्यांच्या मागे, डॉकच्या कडेला, रामधनी नावाच्या हमालाची हातगाडी फरशीच्या फटीत अडकली. तो हातगाडी सोडून धावत सुटला आणि घसरून पडला, एवढं मी पाहिलं. त्याचा हात कट्ट्याच्या कडेवर पडला आणि कंटेनर तिथे येऊन टेकला. काकांना कळलं ते ड्रायव्हरचा चेहरा बघून. रामधनीची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी मला आणि काकांना केबिनमध्ये बोलावलं. हमालाच्या निष्काळजीपणामुळे अपघात, असा कागद तयारच होता. म्हणजे त्याच्या दवाखान्याची जबाबदारी कुणावरच येणार नव्हती.

"तुमची खिडकी तिकडेच आहे," मॅनेजर मला म्हणाले. "काही वेगळं दिसलं?"

काका माझ्याकडे बघत होते.

"मी स्क्रीनकडे बघत होते, सर," मी म्हणाले.

"मंग माझं लिहा," काका म्हणाले. "मना ऐकू येत न्हाय. बारा वरसं झाली. त्यानं हाक मारली आसंल तरी मना कशी कलनार? चुकी माझी हाय, त्याची न्हाय." मॅनेजरनी त्यांना बसायला सांगितलं, पण ते उभेच राहिले. कागद बदलला, रामधनीच्या उपचारांचा भार गोदामानं घेतला आणि काकांना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले नाहीत.

आठवड्यानं, रविवारी, मी पूर्ण्याला गेले. काका ओट्यावर बसले होते. सुमनकाकू म्हणाल्या, "रोज त्या पोराच्या खोलीवर जातात. जेवनाचा डबा घेऊन." त्या दिवशी मीही बरोबर गेले. रामधनी भिवंडीत चार जणांबरोबर एका खोलीत राहत होता. हाताला बँडेज होतं, दोन दिवसांनी गावाकडची गाडी होती. मी जे ठरवून आले होते ते मान खाली घालून सांगून टाकलं, की काकांना ऐकू येत नाही हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी गप्प राहिले.

रामधनी माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, वो तो हम सबको मालूम था," तो म्हणाला. "डॉक पे सब जानते थे. काका को आवाज़ कोई देता ही नहीं था. काम हो तो घूम के सामने जाते थे. उस दिन भी गाड़ी रुकवाने हम सामने जाने को ही भागे. पैर फिसल गया."

काका त्याच्या ओठांकडे बघत होते. "फिर से बोल," ते म्हणाले. त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश. काकांनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं, पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं.

परतताना आम्ही नाक्यापर्यंत चालत आलो. रिक्षाची वाट बघत उभे असताना काका म्हणाले, "मना वाटत व्हतं, मी सगल्यांना फसवतोय. आन् ती सगली मना सांभालत व्हती." रिक्षा येते का ते त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "पन पोरी, सांभालायला नको व्हतं. कोनी एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर त्याची बोटं राहिली असती. मी रागावलो असतो. दोन दिस जेवलो नसतो. बस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण गेलं. मी त्यांच्या समोर गेले, त्यांना माझा चेहरा नीट दिसेल अशी उभी राहिले आणि म्हणाले, "ते माझं काम होतं, काका."

त्यांनी मान डोलावली. नाही म्हणाले नाहीत. रिक्षा आल्यावर आधी मला बसवलं आणि मग ते बसले.