अप्पांच्या नावाचा लॉग

भूत, करणी, बाहेरचं... यातलं मी काहीच मानत नाही. मुदखेडला आमच्या घरी उतारा निघाला तरी मी उंबऱ्यावरून सरळ चालत जाणारा. शिवाय माझा धंदा नेटवर्कचा. इथं कुणी, किती वाजता, काय बदललं याची नोंद आपोआप होते, तिला लॉग म्हणतात. माझा विश्वास फक्त लॉगवर होता. होता म्हणतोय, का ते पुढं वाचा.

लातूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये मी सहा वर्षं आहे. तिसरा मजला, खिडकी नाही, एसीचा घुं घुं आवाज. आठ सर्व्हर. पूर्वी प्रत्येकाच्या आत त्याचा त्याचा स्विच होता, म्हणजे खरी पेटी नाही, सॉफ्टवेअरमधला. आम्हाला ते सगळे काढून आठांवर मिळून एकच स्विच पसरायचा होता. फायदा हा की एका जागी बदल केला की आठही ठिकाणी लागू होतो. चूक केली तर तीही आठही ठिकाणी! आणि हे सगळं ज्यावरून चालवायचं तो सर्व्हरही या आठांच्याच पोटात. स्विच पडला की दुरुस्तीचा रस्ताही बंद.

माझे सीनियर बसवराज अप्पा, निलंग्याचे. कपाळावर भस्म, खिशात केबलला टोक बसवायची क्रिंपिंगची पक्कड. खंडेनवमीला ते रॅकना झेंडू बांधायचे, कीबोर्डाला कुंकू लावून पाटावर ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. मी चिडवायचो, "अप्पा, मग सर्व्हर पण बंद करा की पूजेला."

"सर्व्हर कशाला बंद करायलास? आपुन हात बंद ठेवायचे. एक दिस बदल न्हाई केला तर काय बिघडत न्हाई बाबा."

गेल्या वर्षीची खंडेनवमी. दुपारी तीनचा सुमार, अप्पा खाली ओपीडीत प्रसाद वाटायला गेलेले. मला वाटलं, आज गर्दी कमी आहे, आपण उरकून टाकू. पाटावरचा कीबोर्ड उचलला, कुंकू बाहीनं पुसलं आणि अप्पांच्या लॉगिननं आत शिरलो, कारण स्विच बदलायची परवानगी तेव्हा फक्त त्यांनाच होती. त्यांचा पासवर्ड कीबोर्डाच्या खालच्या बाजूला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला असायचा. ते रजेवर असले तर कुणाचं काम अडू नये म्हणून.

प्रत्येक सर्व्हरला दोन केबल असतात. आधी एक नव्या स्विचवर न्यायची, तपासायचं, मगच दुसरी. मी दोन्ही एकदम नेल्या. त्यात व्हीलॅनचा आकडा चुकला. हा आकडा चुकला की सगळी वाहतूक भलत्याच वाटेला लागते. आठही सर्व्हर गेले. चार तास ना रिपोर्ट, ना केसपेपर. खाली काउंटरवर लोक आरडाओरडा करत होते, आणि धावत वर आलेले अप्पा आणि मी एकेका सर्व्हरला मॉनिटर जोडत फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या आयटी विभागाच्या साहेबांनी लॉग काढला. अप्पांचं नाव. "लॉग खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले. अप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं. माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते, मी जमिनीकडे बघत राहिलो... भेकडासारखा.

"लॉगिन माझं हाय," अप्पा म्हणाले. "जिम्मेदारी माझी."

त्यांना काढलं. त्यांचं अकाउंट मीच डिलीट केलं, या हातांनी. उन्हाळ्यात ते हार्ट अटॅकनं गेले. मी मातीला पण गेलो नाही.

या वर्षी राहिलेलं काम साहेबांनी नेमकं खंडेनवमीलाच लावलं, ओपीडी अर्धा दिवस म्हणून. झेंडू नाही, पाट नाही. या वेळी माझं लॉगिन, एकेक केबल, सगळं शिस्तीत. शेवटी एका ठिकाणी तो आकडा बदलायचा होता. मी टाइप केला, ओके दाबलं, आणि त्याच क्षणी दिसलं की एक अंक चुकलाय. स्क्रीन थिजली. खालून काउंटरच्या बाईचा फोन, "सर, सगळं बंद पडलं." मॉनिटर उचलून रॅककडे पळालो, केबल लावतोय तोवर मागं फोन पुन्हा वाजला, "सर, झालं चालू."

परत येऊन बघतो तर आकडा बरोबर. लॉगमध्ये माझ्या चुकीच्या बदलाखाली एका मिनिटानं दुसरा बदल. करणारा : बसवराज.

जाणकार म्हणतील, चुकीचा बदल झाला की स्विच आपोआप आधीच्या आकड्यावर मागे फिरतो. फिरतो, पण तो सिस्टीमच्या नावानं, आणि कामाच्या मध्येच फिरू नये म्हणून ती सोय मी दोन्ही वर्षी त्या दिवसापुरती बंद ठेवली होती. अकाउंट शोधलं. नाही. ज्या सर्व्हरपर्यंत त्या मिनिटात कुणालाच पोचता येत नव्हतं, त्यावर नसलेल्या अकाउंटनं आकडा नीट केला होता.

साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "लॉग चुकला असणार."

एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "गेल्या वर्षी पण चुकलाच होता साहेब. तो बदल मी केला होता."

साहेब दार लावून म्हणाले, "माणूस गेला. आता उकरून काय मिळणार? हे बाहेर बोलू नका." मी लेखी दिलं, तो कागद त्यांनी माझ्याच खिशात परत कोंबला. गेल्या वर्षीच्या चुकीपुढं अप्पांचं नाव अजून तसंच आहे.

त्या लॉगचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. दोन तज्ज्ञांना दाखवला, दोघांनी खांदे उडवले. कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

तो कागद घेऊन मी एसटीनं निलंग्याला गेलो. अप्पांच्या घरी काकू एकट्याच होत्या. सगळं सांगितलं. वाटलं, रडतील, शिव्या देतील. त्यांनी कागद घडी करून देवघरात ठेवला.

"त्यांना म्हाईत होतं," काकू म्हणाल्या. "तुमच्या बाहीला कुंकू लागलेलं बघितलं होतं त्यांनी."

"मग... बोलले का नाहीत?"

"म्हणले, आपणहून सांगंल. रोज सांजच्याला फोन मांडीवर घेऊन बसायचे. लई वाट बघितली त्यांनी तुमची."