बाईंनी भरलेली शून्यं

रिकामी जागा दिसली की गणिताच्या बाईंचे हात शिवशिवायचे. घरात रिकामा डबा दिसला की त्यात काहीतरी ओतायच्या, खुंटी मोकळी दिसली की पिशवी अडकवायच्या. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, मी जांभई दिली तर लांब उभी राहा गं, तोंडात काहीतरी कोंबशील."

शाळेत कॉम्प्युटर आला तसं बाईंचं फावलं. दर आठवड्याच्या चाचणीचे मार्क त्यात भरायचे, मग तो पोरांची नावं रंगवून दाखवायचा. नीट चाललंय तो हिरवा, डगमगतोय तो पिवळा, बुडाला तो लाल. मूल गैरहजर असेल तर चौकट मोकळी ठेवायची, असं शिकवलं होतं. पण मोकळी चौकट बाईंना बघवेल तर ना! त्यांनी तिथं शून्य टाकलं. तक्ता कसा भरगच्च दिसू लागला. हेडमास्तर खूश, बाई त्याहून खूश.

मग हेडमास्तरांनी ठरवलं, लाल नावं सोमवारपासून कच्च्या वर्गात. त्यात टेलरची मुलगी निघाली. बाईंना जरा नवल वाटलं, पण रंग म्हणजे रंग.

मुलगी दप्तर आवरून समोर उभी राहिली. रडत नव्हती, तेच जास्त लागलं.

"बाई, माझं कुठलं गणित चुकलं ते दाखवा ना. जायच्या आधी नीट करते."

"एक असेल तर दाखवू," म्हणत बाई ऐटीत कॉम्प्युटरपुढे बसल्या. वर गेल्या, खाली आल्या, चष्मा पुसला. चुकलेलं गणित काही सापडेना. सापडली ती नुसती शून्यं, तीही लागोपाठची.

"या दिवसांत कुठं उलथली होतीस गं?"

"गोवर आला होता. तुम्हीच म्हणालात, घरी झोप."

बाईंनी पोरीला नाही, गोवराला नापास केलं होतं. तशाच उठून त्या हेडमास्तरांकडे गेल्या.

"म्हणजे मशीन चुकलं म्हणता?"

"मशीन बिचारं काय करणार, सर? मी सांगितलं तेच त्यानं रंगवलं. पेपरला न बसणं वेगळं आणि बसून गणित न येणं वेगळं. मी दोन्ही एकाच पोत्यात भरली."

"पण शून्यं काढली तर तक्ता भोकाभोकांचा दिसेल हो. मी वरच्या ऑफिसला दाखवलाय."

"दिसू द्या. जिथं आपल्याला माहीतच नाही, तिथं भोकच असतं."

"आणि वरून विचारलं तर?"

"माझं नाव सांगा. तसंही तुम्ही तेच सांगणार."

हेडमास्तरांनी खोकून घेतलं, पण मुलगी वर्गात राहिली. बाईंनी तिच्याकडून राहिलेल्या चाचण्या सोडवून घेतल्या, खरे मार्क भरले. नाव पिवळं झालं. पोर हिरमुसली.

"मी लाल नव्हते ना, बाई?"

"नव्हतीस. पण हिरवीही नाहीस. अपूर्णांकांच्या बेरजेत खालचे आकडेही एकमेकांत मिळवून टाकतेस. आत्ता कळलं मला. ओढ तो बाक इकडं."