हिरव्या ठिपक्याचा माल

आमच्या दाजींच्या पसंतीला उतरलेल्या वस्तू आणि माणसं मोजायची झाली, तर हाताची दहा बोटं पुरून उरतील, आणि त्या उरलेल्या बोटांची नखं दाजी आधी तपासून घेतील. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहेत. गिअरबॉक्सचे भाग ट्रकमध्ये चढण्यापूर्वी त्यांच्याकडे शेवटचं बघणारा माणूस. त्यांनी हो म्हटल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही, आणि हो म्हणणं त्यांच्या अगदी जिवावर येतं. आमची पहिली भेटही भांडणाचीच. भोसरीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. त्यांच्या कंपनीसाठी मी चारशे बुश, म्हणजे धातूच्या बोटभर नळ्या, करून ठेवले होते. एके सकाळी एक सडपातळ, चापूनचोपून भांग पाडलेला माणूस दारात उभा राहिला, त्याने खिशातून मोजायचा व्हर्निअर काढला आणि चहा यायच्या आत माझे चारशेच्या चारशे बुश लाल क्रेटमध्ये टाकले. लाल क्रेट म्हणजे रिजेक्शन. मग चहा आला, तर कपाच्या कडेचा टवका उडालेला बघून तोही परत पाठवला. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना ज्या शिव्या घातल्या, त्या दोन वर्षांनी सोयरीक जुळल्यावर मनातल्या मनातच परत घ्याव्या लागल्या. बहिणीला बघायला आले तेव्हा ‘मुलगी पसंत आहे’ असं काही म्हणाले नाहीत. पाचच मिनिटांत म्हणाले, “ओके आहे.” आमच्या आईचा चेहरा पडला. मी तिला आत नेऊन समजावलं, की या माणसाकडे यापेक्षा मोठा शब्द नाही.

कंपनीत पास झालेल्या भागावर पेंट मार्करने हिरवा ठिपका द्यायची पद्धत असते. तो मार्कर दाजींच्या शर्टाच्या खिशाला कायम लटकलेला असतो, रविवारीसुद्धा. पुनावळ्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये गॅसची नळी, कुकरचं झाकण, पाटाचे चारही पाय, दाराची कडी, सगळ्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका आहे. एकदा तर मी त्यांच्या घरी ठिपका दिलेलं कलिंगड खाल्लंय, आणि ते खरोखरच गोड होतं. शेजारच्या काकांनी एकदा रंगकामासाठी यांची शिडी मागून नेली. देताना दाजी म्हणाले, “काका, चौथ्या पायरीवर ठिपका नाही. तिच्यावर पाय देऊ नका.” काकांना ती गंमत वाटली. त्यांनी पाय दिला, आणि पुढचे पंधरा दिवस सोसायटीतून लंगडत फिरले. दाजी त्यांना भेटायला गेले, पण सांत्वन करायच्या ऐवजी पायरीचा मोडलेला तुकडा मागून घेऊन आले.

असा हा माणूस पत्त्यांच्या नादी लागला, आणि तो नाद त्यांना कंपनीनेच लावला. लग्नाच्या आधी त्यांना तीन महिने ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं. तिथे भाषा येईना, जेवण जाईना, संध्याकाळी खोलीत बसून रडायची पाळी. हॉस्टेलच्या खाली एक दुकान होतं. त्यात लोक राक्षसांची, जादूगारांची, पंखवाल्या प्राण्यांची चित्रं असलेले पत्ते घेऊन खेळत बसायचे. एकाने यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि पाच पत्ते हातात दिले. “राव, तीन महिन्यांत माझ्याशी कुणी बोललं असंल तर त्या टेबलावर,” दाजी मला एकदा म्हणाले होते, “आणि तेबी एक शब्द न बोलता.” इथे परत आल्यावर खेळायला कुणी मिळालं नाही. लग्नानंतर माझ्या बहिणीने चार दिवस प्रयत्न केला आणि पाचव्या दिवशी माहेरी आली. मग खेळणं राहिलं आणि जमवणं सुरू झालं. ऑनलाइन मागवायचे, परदेशी जाणाऱ्या साहेबांना यादी द्यायची, ओव्हरटाइमचे पैसे आले की पाकिटं घ्यायची. प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र डबी, म्हणून पंधरा वर्षांत फ्लॅटची दुसरी खोली जमिनीपासून पंख्यापर्यंत खोक्यांनी भरली. त्या खोलीला घरात ‘स्टोअर’ म्हणत, आणि तिथे चप्पल काढून जावं लागे.

हे असंच चाललं असतं, पण गेल्या वर्षी बीडकडे गावी त्यांचे वडील अंगणात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. अण्णा एकटेच राहायचे. जन्मभर सुतारकी केलेला करडा माणूस. दाजींचा स्वभाव कुठून आला हे त्यांना बघितलं की कळतं. लहानपणी दाजींनी फळी घासून दाखवली की अण्णा तिच्यावरून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, “पुन्हा घास.” ‘चांगली झाली’ हे शब्द दाजींनी वडिलांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ऑपरेशन झाल्यावर अण्णांना दोन महिने लेकीकडे ठेवलं, पण तिचंही घर लहान. पुनावळ्याला चला म्हटलं, तर अण्णा फोनवर म्हणाले, “तुझ्या घरात मला जागा कुठंय लेकरा? त्या पत्त्यांस्नी राहू दे. म्या गावाकडंच बरा.” मागे एकदा आले होते तेव्हा चार दिवस हॉलमध्ये गादीवर झोपले होते, ते विसरले नव्हते. त्या मोडक्या खुब्याने गावच्या रिकाम्या घरात ते एकटे काय करणार, या विचाराने बहिणीची झोप उडाली. दाजी मात्र फोन ठेवून स्टोअरमध्ये गेले, दार लावून तासभर बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, “विकतो.” अण्णा लेकीकडून निघायला पाच आठवडे राहिले होते. तेवढ्यात खोली रिकामी झाली नाही, तर अण्णा हट्टाने गावाला जाणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या कुणी खोकी टेम्पोत घातली असती. पण दाजींनी आधी वाचून काढलं, की या पत्त्यांची किंमत कशावर ठरते. कोपरे शाबूत हवेत, कडा पांढऱ्या पडलेल्या नकोत, वर ओरखडा नको, चित्र बरोबर मधोमध हवं. ते वाचून त्यांचा चेहरा उजळला. “राव, हे तर आपलंच काम!” मग काय, दर संध्याकाळी आणि सुट्टीचा अख्खा दिवस हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली इन्स्पेक्शन सुरू झालं. हातात सुती मोजे, डोळ्याला भिंग, डावीकडे हिरवी क्रेट, उजवीकडे लाल. मला खोकी उचलून आणायच्या कामावर ठेवलं होतं, तेही नखं कापलेली दाखवल्यावर. त्यांची स्वतःची नखं दर रविवारी सकाळी नियमाने कापलेली असत, कारण नखाने पत्त्याला चरा पडतो. एकेक पत्ता उचलायचा, भिंगाखाली धरायचा, आणि “पाव मिलिमीटर डावीकडं” असं पुटपुटून लाल क्रेटमध्ये सोडायचा. मला ते सगळे पत्ते सारखेच देखणे दिसत होते. पाच आठवडे संपायला आले तेव्हा नऊ हजारांच्या वर पत्ते लाल क्रेटमध्ये गेले होते आणि पास झाले होते फक्त दोनशे बारा. त्या दोनशे बारा पत्त्यांच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, दाजींनी मोहरीएवढा हिरवा ठिपका दिला. मी शेजारी बसून बघत होतो, आणि खरं सांगतो, मला त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे तपासलेल्या मालावर ठिपका नसेल तरच माणूस घाबरतो.

घेणारी होती वाकडची एक बाई. आयटीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी असे पत्ते घेते-विकते. ती आली तो शेवटचा रविवार होता. अण्णांना घेऊन यायची गाडी मंगळवारची ठरली होती. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी दोनशे बारा पत्त्यांची फाइल दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली. तिने पहिलं पान बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. मग तिने एक पत्ता काढून उलटा केला.

“हे काय आहे?”

“ओके मार्क,” दाजी अभिमानाने म्हणाले. “शंभर टक्के तपासलेला माल आहे मॅडम.”

तिने दुसरा उलटला, तिसरा उलटला, मग भराभरा दहाबारा उलटले. शेवटी तिने फाइल मिटली आणि कपाळाला हात लावला. “काका, पत्त्यावर पेनचा नुसता कण लागला तरी किंमत जाते हो. आणि हे तर तुम्ही सगळ्यात भारी पत्ते निवडून निवडून...”

दाजींनी फाइल उघडून एक पत्ता स्वतः उलटा करून बघितला. “म्हणजे पास केले म्हणून खराब झाले?” ते म्हणाले. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली, की माझे चारशे बुश मी त्यांना मनापासून माफ करून टाकले.

तेवढ्यात त्या बाईची नजर भिंतीकडे गेली. “त्या लाल क्रेटमध्ये काय आहे?”

“काही नाही. रिजेक्शन. ते दाखवायचं नाही.”

पण ती उठून गेलीच. क्रेटपाशी फरशीवर मांडी घालून बसली आणि दोनच मिनिटांत एका पंख पसरलेल्या राक्षसाला हातात धरून ओरडली, “अहो, हा इथे काय करतोय?”

“बॉर्डर डावीकडं जाडे.”

“कुणाला दिसणार आहे ती?”

“मला दिसली ना!”

तासाभराने ती म्हणाली, की क्रेटमधलं सगळंच घेते. तिने सांगितलेला आकडा ऐकून मी आणि बहिणीने एकमेकांकडे बघितलं. अण्णांचा पलंग, बाथरूममधले धरायचे दांडे, व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या माणसाचा वर्षाचा खर्च, सगळं त्यात भागत होतं. आणि दाजी म्हणाले, “नाही.” वीस वर्षांत रिजेक्ट माल त्यांनी गेटबाहेर जाऊ दिला नव्हता, तो ते आज घरून जाऊ देणार नव्हते. बाई हसली, मग वैतागली, मग पर्स उचलून उभी राहिली. माझी बहीण त्यांच्यावर कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. “अहो, मंगळवारी अण्णा दारात उभे राहतील, तेव्हा त्यांना काय सांगायचं?” एवढंच म्हणाली. दाजींचा चेहरा रडवेला झाला, पण मान हलेना. हा माणूस हट्टी नव्हता. त्याला खरंच जमत नव्हतं.

मला सुचलं ते भोसरीत खाल्लेल्या लाथांमुळे. माझा माल अडकला की मी स्वतः कितीदा तरी हात जोडलेत. “दाजी,” मी म्हटलं, “डेव्हिएशनवर सोडा ना.” कारखान्यात याला वाट असते. मालात खोट आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्याला ती चालत असेल तर त्याने तसं लिहून सही करायची, मग माल सोडायला हरकत नाही. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, की बारा वर्षांच्या नात्यात तसं कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी उठून कागद आणला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मालातील दोष दाखवण्यात आले. दोष मान्य आहेत. पुढे तक्रार करणार नाही.’ बाईने सही केली. दाजींनी तारीख घालून घेतली, आणि कंपनीच्या फॉर्मच्या सवयीने “शिफ्ट?” असं विचारून, तिचं उत्तर यायच्या आत स्वतःच ‘जनरल’ लिहून टाकलं.

संध्याकाळपर्यंत टेम्पो भरून गेला. रिकाम्या खोलीत आम्ही तिघं उभे होतो आणि आमचे आवाज घुमत होते. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की मी तिथेच फरशीवर आडवा झालो. बहीण हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. दाजींनी ती दोनशे बारा पत्त्यांची फाइल, जी आता कुणालाच नको होती, छातीशी धरली होती. मला वाटलं, आता हे खचणार. तर म्हणाले, “राव, एका अर्थी बरंच झालं. चांगला माल घरातच राहिला.”

सोमवारी दाजींनी रजा काढून पलंग आणला, दांडे बसवून घेतले, आणि मंगळवारी अण्णा आले. वॉकर टेकत खोलीत गेले, पलंगावर बसले आणि चहूकडे बघू लागले. पलंगाच्या पायांवर ठिपका, दिव्याच्या बटणावर ठिपका, बाथरूमच्या दांड्यावर ठिपका, वॉकरच्या रबरी बुडांवरसुद्धा. “समद्याला हिरवं कामून लावलंय रे?” त्यांनी विचारलं. “तपासलंय अण्णा,” दाजी म्हणाले. अण्णांनी दांडा धरून दोनदा जोरात हिसडला आणि पलंगाच्या कडेवरून तळवा फिरवला. ‘चांगलं झालं’ की ‘पुन्हा घास’, आठ दिवस काहीच कळलं नाही. दाजी रोज कंपनीतून आले की दांडा हलवून बघायचे, आणि मग चोरून वडिलांच्या तोंडाकडे बघायचे.

आता दोघं संध्याकाळी पलंगावर त्या ठिपकेवाल्या पत्त्यांनी खेळतात. जपानी नियम अण्णांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढले. ज्याच्या पत्त्यावरच्या जनावराचं तोंड मोठं, त्याचा डाव. दाजी बहुधा हरतात. चारेक महिन्यांपूर्वी मी गेलो तेव्हा त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर मला हिरवा ठिपका दिसला. कंपनीत लागला असेल म्हणून मी काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात बहिणीने हळूच सांगितलं. दाजी दुपारी डुलकी काढत होते, अण्णांनी त्यांच्या खिशातून मार्कर काढला, हात धरून नखावर ठिपका दिला आणि टोपण नीट लावून मार्कर परत खिशात अडकवला. जागे झाल्यावर दाजींनी नखाकडे बघितलं आणि पत्ते पिसायला घेतले.

परवा रविवारी सकाळी गेलो तर दाजी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसले होते. नखाबरोबर ठिपका वाढत वाढत अगदी शेंड्याला आला होता. नऊ बोटांची नखं कापून झाली, आणि त्यांनी नेलकटर मिटून खिशात ठेवला.