दाजींनी अडवलेली शर्यत

कोल्हापूर जिल्ह्यात सायकलवाल्यांवर चिडणारी माणसं तशी गावोगाव होती, पण तो राग रोज सकाळी धारा काढून झाल्यावर, न चुकता, एखाद्या व्रतासारखा पाळणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. कोल्हापूरहून कोडोलीकडे जाताना रस्त्याला लागून एक लहानसं गाव आहे, तिथे दाजींचं घर. घर म्हणजे पुढे दगडी कट्टा, मागे गोठा, गोठ्यात सहा म्हशी आणि मधे उरलेल्या जागेत माणसं. मी तेव्हा शहरात एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत असे आणि बहुतेक रविवारी अक्काकडे जेवायला जात असे. एस.टी. वेळेवर मिळाली तर एस.टी.नं, नाहीतर सायकलनं. सायकलनं गेलो की गावाच्या अलीकडे, दाजींचा कट्टा दिसायच्या आत, खाली उतरून हातात सायकल धरून चालत जावं लागे. मेव्हणा म्हणून मला सवलत नव्हती.

हा नियम फक्त माझ्यापुरता नव्हता. पोस्टमन उतरत असे, शाळेतले मास्तर उतरत असत, डेअरीचा माणूस कॅन सांभाळत उतरत असे. उतरलं नाही तर दाजी भांडत नसत, शिवीही देत नसत. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहत आणि म्हणत, "उतरा की पावणं. वाईच च्या घ्या." हा चहा म्हणजे शिक्षा होती. आधी म्हशीचं दूध तापायचं, मग चहा व्हायचा, मग तो निवायचा, आणि तोवर दाजी समोरच्याची सात पिढ्यांची चौकशी करायचे. एक नवे ग्रामसेवक सायकलवरूनच नमस्कार करून पुढे जाऊ लागले, तर त्यांना सकाळी आठला कट्ट्यावर बसवलं ते साडेदहाला सोडलं. दोन कप चहा, एक पेला ताक, आणि वर अक्कानं केलेली दशमी. ते पुढे बदली होईपर्यंत शेतातल्या बांधावरून कचेरीला जात होते.

दाजींचं म्हणणं असं, की सायकलवर बसलेल्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे तो रामराम घालत नाही. "चालणारा मानूस थांबतो, पानी मागतो, कुटनं आला सांगतो," ते मला म्हणाले होते. "गाडीवान दोन गोष्टी बोलतो. ह्यो नुसता घंटी वाजवतो आन् जातो. घंटी काय मानसाला वाजवायची वस्तू हाय व्हय?" या विषयावर त्यांनी मेहेरबान तहसीलदार साहेबांना माझ्याकडून तीन अर्ज लिहून घेतले. सायकलवाल्यांनी गावातून जाताना उतरून चालावं, असा हुकूम काढावा, अशी विनंती होती. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं, की आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे. दाजींनी ते उत्तर गोठ्याच्या दारावर चिकटवलं आणि कार्यवाहीची वाट न बघता ती स्वतःच चालू ठेवली.

खरं कारण मला अक्कानं सांगितलं. गावाच्या वरच्या अंगाला मोठा उतार आहे. दाजी एकदा गाभण म्हैस घेऊन तिथून चालले होते आणि मागून एक सायकलवाला सुसाट आला. म्हैस बुजून उसात शिरली, ती शोधायला दुपार गेली. पण त्याचं दाजींना एवढं काही वाटलं नव्हतं. जाता जाता तो सायकलवाला ओरडला होता, "ए म्हातारबा, बाजूला व्हा." दाजींचं वय तेव्हा बेचाळीस होतं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी बराच वेळ आरसा पाहिला, असं अक्का म्हणाली.

अशा माणसाच्या दारावरून दर वर्षी हिवाळ्यात एका रविवारी सायकलची शर्यत जाऊ लागली, हा नुसता योग म्हणायचा. शहरातल्या एका तालमीनं ती सुरू केली होती. कोल्हापुरातून निघायचं, कोडोलीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या रस्त्यानं परत. पहिली दोन वर्षं गावाला गंमत वाटली. नंतर मात्र त्रास दिसायला लागला. दिवस ऊसतोडीचे. रस्त्यावर गाड्यांची रांग असायची आणि शिट्ट्या घेतलेले, हाफ चड्डीतले स्वयंसेवक लाल झेंडी दाखवून ती दीड-दीड तास उभी करायचे. बैल उन्हात खोळंबायचे. रस्त्याकडेला वाळत घातलेल्या शेंगा गोळा करायला सांगायचे, कोंबड्या आत घ्यायला सांगायचे. एका म्हातारीला तर त्यांनी स्वतःच्या दारातून समोरच्या विहिरीवर जाऊ दिलं नाही. गावात कुरकुर वाढली. या शर्यतीची हस्तपत्रकं आमच्याच छापखान्यात छापली जात, त्यामुळे शर्यतीच्या आधीचे तीन-चार आठवडे दाजी मला वाढायला अक्काला सांगायचे, पण माझ्याशी बोलायचे नाहीत.

चौथ्या वर्षी शर्यतीच्या दिवशी मी अक्काकडेच होतो. स्वयंसेवकांनी रस्ता मोकळा केला होता, ऊसगाड्या कडेला लागल्या होत्या, लोक कट्ट्याकट्ट्यांवर बसले होते. दाजी शांतपणे उठले, गोठ्यात गेले आणि सहाही म्हशी सोडून रस्त्यावर आले. म्हशी रस्ता ओलांडून पाण्याला जातील अशीच सगळ्यांची समजूत झाली. पण ऐन मधोमध आल्यावर थोरली म्हैस बसली. तिचं बघून बाकीच्या बसल्या. त्या कशा बसल्या हे मला अजून कळलेलं नाही. दाजींनी काहीतरी केलं असणार.

शर्यतीच्या पुढे रस्ता बघत तालमीचे वस्ताद मोटारसायकलवर आले. अंगानं दरवाज्याएवढा माणूस.

"म्हशी हटवा," ते म्हणाले.

"मी रस्ता अडवला न्हाय. म्हशी पान्याला चालल्यात," दाजी म्हणाले.

"चालल्यात कुठं? बसल्यात त्या."

"दमल्या असतील. बसलेल्या म्हशीला इनंती करावी लागती. तुमी करून बघा."

कडेच्या गाडीवानांत हशा पिकला. गावाला आजवरचं काहीतरी वसूल झाल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात उतारावरून पहिली सायकल आली. एकटीच. मागे नजर पोहोचेल तिथवर दुसरं कुणी नव्हतं. सायकल साधी, रोजच्या वापरातली, नुसती मडगार्ड आणि कॅरियर काढून हलकी केलेली. तिच्यावर बावीस-तेवीस वर्षांचा किडकिडीत माणूस, अंगात बनियन, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून सुतळीनं बांधलेला. म्हशी बघून तो थांबला, उतरला. एका बाजूला शेतात उतरणारा खोल चर होता, दुसऱ्या बाजूला गाड्यांची रांग. जायला वाट नव्हती. तो भांडेल म्हणून दाजी तयारीत उभे होते. त्यानं फक्त कपाळ पुसलं आणि अक्काकडे पाणी मागितलं.

तो पाणी पीत असताना दाजींनी सवयीनं विचारलं, "कुठलं पावणं?"

"इचलकरंजीचा, मामा. मागावर असतो."

"रोज चालवता व्हय सायकल?"

"पाळी सुटली की. दोन वर्षं झाली, याच शर्यतीसाठी."

दाजींनी त्याच्या सायकलीकडे बघितलं. "आज पयला नंबर न्हवं?"

त्यानं तांब्या अक्काच्या हातात परत दिला आणि मागे उताराकडे बघितलं. वर आता दहा-बारा सायकली दिसायला लागल्या होत्या. "आत्तापर्यंत होता," तो म्हणाला.

हे तो रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. दाजी एकदम वळले आणि म्हशी उठवायला लागले. शेपट्या पिळल्या, पुढे वैरण धरली, नावं घेऊन हाका मारल्या, शेवटी थोरलीच्या कानाशी वाकून खरोखरच विनंती केली. म्हशी उठेनात. मघाशी हसणारे गाडीवानही खाली उतरून ढकलू लागले. मी ढकललं, वस्तादांनी ढकललं. पाव तासानं त्या आपल्या मनानं उठल्या आणि पाण्याकडे चालू लागल्या. तोवर झाडून सगळे सायकलवाले येऊन गोळा झाले होते. वस्तादांनी सगळ्यांना एका रेषेत उभं केलं आणि पुन्हा शिट्टी दिली.

निकाल आमच्याच छापखान्यात छापायला आला. पहिले तीन पुण्याच्या मोठ्या शर्यतीला जाणार होते. इचलकरंजीचा तो विणकर चौथा होता. पुढच्या रविवारी दाजींनी मला विचारलं आणि मी सांगितलं. त्या आठवड्यात कट्ट्यावरून तीन माणसं सायकलवर बसून गेली आणि एकालाही चहा मिळाला नाही, असं अक्कानं मला काळजीनं सांगितलं.

मग एका सकाळी दाजी तुपाचा डबा घेऊन माझ्या खोलीवर हजर. "चला, इचलकरंजीला जायचं हाय," म्हणाले. नाव मला निकालावरून ठाऊक होतं, पण त्या नावाचा माणूस नेमक्या कुठल्या मागावर आहे हे शोधायला आम्हाला तीन तास लागले. शेवटी एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये तो सापडला. केसांवर कापसाचे तंतू, हातात धोटा. दोन्ही बाजूंना यंत्रमाग असे धडधडत होते की माझाच आवाज मला ऐकू येईना. दाजी त्याच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं." त्यानं कानामागे हात धरला. दाजी जोरात म्हणाले, "माझं चुकलं." त्यानं हसून मान हलवली, त्याला वाटलं, पावणं 'बरे आहात का' असं विचारताहेत. दाजींनी छाती भरून घेतली आणि सगळा जीव एकवटून ओरडले, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत "माझं चुकलं" हे शब्द शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. तीस-पस्तीस विणकर आमच्याकडे वळून बघत राहिले.

दाजी घामाघूम झाले. तो तरुण मात्र डबा हातात घेऊन गंभीरपणे म्हणाला, "मामा, म्हशीला काय म्हाईत शर्यत हाय ते."

"म्हशीला न्हवतं म्हाईत. मला व्हतं," दाजी म्हणाले.

त्यानं डबा मागाच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी रस्ता मोकळा ठेवा म्हणजे झालं." लाइट आली, माग सुरू झाले, आणि पुढचं बोलणं राहून गेलं.

पुढच्या वर्षी दाजींनी ठेवला तसा मोकळा रस्ता त्या भागात कुणी पाहिला नसेल. म्हशी पहाटेपासून गोठ्यात बांधलेल्या. लाल झेंडी त्यांनी एका स्वयंसेवकाच्या हातातून काढूनच घेतली. ऊसगाड्या त्यांनी दोन तास आधी थांबवल्या, एस.टी. थांबवली, ड्रायव्हर उतरून वाद घालायला आला तर त्याला कट्ट्यावर बसवून चहा दिला. गाव आता सायकलवाल्यांपेक्षा दाजींवर चिडलं होतं. शर्यत आली आणि गेली. दाजी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. तो त्यांत नव्हता. मी नंतर चौकशी केली. त्याचा भाऊ भिवंडीला होता, तिकडे मागावर जास्त काम मिळतं म्हणून तो गेला होता. सायकल जाताना विकली की नेली, ते कुणाला सांगता येईना.

हे मी दाजींना सांगितलं. तरी त्यानंतरही ते दर वर्षी झेंडी घेऊन उभे राहत, शर्यत बंद पडेपर्यंत. शेवटच्या वर्षीचं मला चांगलं आठवतं. सायकली पुढे गेल्या, त्यांच्यामागे वस्ताद गेले, शिट्ट्या थांबल्या. गाडीवानांनी बैलांचे कासरे हातात घेतले. दाजींनी झेंडी खाली घेतली नाही.

"झालं की दाजी, सगळी गेली," मी म्हणालो.

"थांबा वाईच," ते उताराकडे बघत म्हणाले. "एखादं मागं ऱ्हायलं असंल."

कुणी वाद घातला नाही. गाड्या उभ्या राहिल्या, बैलांनी माना खाली घातल्या. ऊन चढत गेलं. रस्ता पार वरपर्यंत मोकळा दिसत होता.