सिस्टरचा चार्ज

आम्ही सक्करदऱ्याला राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कुंपणाच्या भिंतीपलीकडून एका बाईंचा खणखणीत आवाज आला. "दूध तापवलं, झाकलं. वरण शिजलं, फोडणी बाकी. बेबीचं नाक वाहून राहिलं, ताप नाही. भंगारवाला आला तं जुना स्टोव्ह द्यायचा नाही. घेतला चार्ज?" त्यावर एक पुरुषी आवाज म्हणाला, "घेतला." मला वाटलं, शेजारी नाटकाची तालीम चालली असावी. डोकावून पाहिलं तर पांढऱ्या साडीतल्या एक बाई घाईघाईने फाटकाबाहेर पडत होत्या आणि बनियन-पायजम्यातले एक गृहस्थ, तोंडातला ब्रश हातात घेऊन, जवळजवळ सावधान स्थितीत उभे होते.

बाई म्हणजे विमल गजभिये. सरकारी इस्पितळात नर्स. पाळी संपवून घरी जाणाऱ्या नर्सने पुढच्या पाळीच्या नर्सला प्रत्येक रोग्याची हकीकत तोंडी सांगायची, तिने ती ऐकून 'घेतला' म्हणायचं, आणि मगच पहिलीने वॉर्ड सोडायचा, अशी तिथली रीत. तिला चार्ज देणं म्हणतात. बाईंनी ती रीत जशीच्या तशी घरी आणली होती. भाजी आणायला कोपऱ्यावर जातानासुद्धा त्या गॅसवरच्या कढईचा चार्ज कुणाच्या तरी गळ्यात घालून जात. सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणे. त्यांचे यजमान दौलतरावही सिस्टरच म्हणत. बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा मला पहिले काही दिवस खटकला. पुढे मी खटकून घेण्याचा कंटाळा केला.

सिस्टर मूळच्या खाप्याच्या, विणकराच्या घरातल्या. छप्पन साली बापाचं बोट धरून, पांढरं लुगडं नेसून दीक्षेसाठी नागपूरला आल्या होत्या. "तेव्हा जे पांढरं अंगावर चढलं जी, ते काही उतरलं नाही," असं त्या आपल्या गणवेशाकडे पाहत म्हणत. घरात दोन मुली. थोरली रजनी नववीत, धाकटी बेबी दुसरीत. अंथरुणाच्या चादरीचे कोपरे इस्पितळातल्यासारखे दुमडलेले. आमच्याकडे बसायला आल्या तरी बोलता बोलता माझ्या पाठीमागची उशी काढून, झटकून, उलटी करून परत ठेवत. उन्हाळ्यात मुली शाळेला निघाल्या की त्यांच्या खिशात लू लागू नये म्हणून कांदा टाकत. मी कॉलेजात शिकवणारा, एकदा चेष्टेने विचारलं, "सिस्टर, हे तुमच्या पुस्तकात आहे का?" त्या म्हणाल्या, "पुस्तकात सलाईन आहे, प्रोफेसर. सलाईन खिशात ठेवता येते का?"

दौलतराव एका सरकारी कचेरीत कारकून आणि उरलेल्या वेळात वक्ते होते. आमच्या वस्तीत एक मंडळ होतं. त्या मंडळाला एक अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांना बोलण्याचा आजार होता. दौलतरावांचं भाषण ठरवायला ते घरी येत आणि ते भाषण स्वतःच करून जात. एका रविवारी सकाळी ते 'कुटुंब आणि समाज' या विषयावर असे रंगले की नळाला पाणी येण्याची वेळ टळत आली. सिस्टर हात पुसत बाहेर आल्या, अध्यक्षांकडे काळजीने पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुमचा चेहरा उतरलेला दिसून राहिला. आ करा." अध्यक्षांनी आ केला. सिस्टरनी जिभेखाली थर्मामीटर ठेवला, "बोलायचं नाही बरं, फुटला तं पारा पोटात जाईन," असं बजावलं आणि आत निघून गेल्या. पाणी भरून झालं, कपडे वाळत पडले, भात उतरला. मग बाहेर येऊन त्यांनी थर्मामीटर काढला, उजेडात धरला. "ताप नाही. पण घरी जाऊन पडा." अध्यक्ष खरंच घरी जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या निदानाची ते वस्तीभर तारीफ करत होते.

अशा बाईंची मुंबईच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली. वर्षभराचं शिक्षण, ते पुरं केलं की नव्या नर्सेसना शिकवण्याची जागा. सिस्टरना ते किती हवं होतं हे त्या कधी मोठ्याने बोलल्या नाहीत, पण त्या दिवसांत भिंतीपलीकडून गुणगुणणं ऐकू येई, आणि गुणगुणणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. होकार जूनपर्यंत कळवायचा होता.

निवड झाली त्याच महिन्यात दौलतरावांनी मंडळात स्त्रीशिक्षणावर भाषण केलं. टाळ्या पडल्या. घरी मात्र त्यांचा आवाज बसला. मला कुंपणाशी गाठून म्हणाले, "मी विरोधात नाही जी. मी फक्त अडचणी मांडून राहिलो." अडचणींची मांडणी रोज वाढत होती. पोरींच्या वेण्या कोण घालणार इथपासून सुरू होऊन ती लोणच्याच्या बरणीपर्यंत पोचली होती.

मे महिन्यात सिस्टर भावाच्या लग्नाला खाप्याला गेल्या. बेबीला आठवडाभरापूर्वीच ऊन लागलं होतं म्हणून तिला आणि घरच्यांना मागे ठेवलं. जाताना कधी नव्हे इतका लांब चार्ज दिला. आमच्या हिने तो भिंतीअलीकडून ऐकला, म्हणाली, "एवढ्यात माझं एक मूल मोठं झालं असतं." दौलतरावांनी सगळा घेतला. त्यात एक कलम असं होतं की जेवणं झाल्यापासून चहाच्या वेळेपर्यंत कूलर बंद करायचा नाही, त्याच्या वाळ्याच्या टट्ट्या कोरड्या पडू द्यायच्या नाहीत.

मेमध्ये नागपूर एखाद्या दिवशी असं काही फिरतं की कॅलेंडरवरचा विश्वास उडावा. त्या दुपारी आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि टपाटप गारा पडल्या. पोरं गारा वेचायला धावली. आम्ही खिडक्या लावून घेतल्या, हिने शाल काढली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की शेजारचा कूलर घरघरतो आहे. गजभिये विसरले असतील म्हणून सांगायला गेलो. दार दौलतरावांनी उघडलं. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर. आत दोन्ही मुली एका गोधडीत गुंडाळून बसल्या होत्या, आणि समोर तो पत्र्याचा राक्षस त्यांच्यावर गार वारा आणि तुषार फेकत होता.

"अहो, कूलर काहून चालू आहे?" आश्चर्याने माझ्याही तोंडून 'काहून' निघालं.

"चार्जमध्ये आहे ना जी. चहापर्यंत बंद करायचा नाही."

"पण बाहेर गारा पडताहेत!"

"गारांचं काही सांगून नाही गेली ती," दौलतराव म्हणाले आणि बादलीभर पाणी घेऊन टट्ट्या भिजवायला निघाले.

गोधडीतून रजनी ओरडली, "मी कवाची म्हणून राहिली काका, बंद करा म्हणून! तं बाबा म्हणते चार्ज माह्याकडे आहे, तू मधात बोलू नको."

मी बटण बंद केलं. दौलतरावांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद आणि हुकूम मोडल्याची भीती एकदमच दिसली. उशीर व्हायचा तो झालाच होता. बेबीला रात्रीतून ताप भरला.

सिस्टर परतल्या तेव्हा बेबी खोकत होती आणि वस्तीतल्या बाया ओसरीवर बसल्या होत्या. सगळ्यांचं एकमत होतं. "आता कशाची जाते वं मुंबईले? तीन-चार दिवसांत ही गत. वर्षभरात तं घरच वाहून जाईन." आमची हीसुद्धा, घरी मला स्त्रियांच्या हक्कांवर सुनावणारी, तिथे मान डोलावत बसली होती. दौलतराव खाली मान घालून उभे होते. पण त्यांच्या सगळ्या अडचणी बिनभाषणाच्या मंजूर होत होत्या, तेव्हा त्या खाली घातलेल्या मानेत थोडं समाधानही असावं असा मला संशय आहे.

सिस्टरनी बेबीची छाती तपासली, औषध दिलं. मग शांतपणे विचारलं, "गारा पडत होत्या तं कूलर काहून चालू ठेवला?"

"तूच सांगितलं होतं ना वं."

त्या रागावतील असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्यांनी बेबीची उशी काढून झटकली आणि उलटी करून परत ठेवली. बेबी बरी होऊन अंगणात धावू लागली. मग एका संध्याकाळी भिंतीशी येऊन हिला म्हणाल्या, "कुमुदताई, मी जाऊन राहिली मुंबईले."

"अहो, पण एवढं सगळं झाल्यावर?"

"झालं म्हणूनच. आमच्या वॉर्डात असते एखादा पेशंट. पाय बरा झाला तरी कुबडी सोडत नाही. काहून? तं आम्हीच रोज सकाळी त्याच्या हातात देतो. माह्या घरात तीन पेशंट आहेत तसे. त्यांचा दोष नाही. मीच देऊन राहिली कुबड्या, आणि वरून म्हणते मले फुरसत नाही." मग त्या म्हणाल्या, "फक्त एक करा. सगळं रजनीच्या गळ्यात पडू देऊ नका. तिले दहावी आहे. यांच्या गळ्यात पडू द्या. यांचा गळा मजबूत आहे, भाषणाचा आहे."

स्टेशनवर मंडळ हजर होतं. अध्यक्षांनी हार घातला आणि गाडी सुटेपर्यंत बोलण्याचा निश्चय केला. त्यांना दाद न देता दौलतराव खिडकीला चिकटून उभे होते. गार्डाने शिटी दिली तसे ते कासावीस झाले. "सांग ना वं लवकर. चार्ज?"

"काय चार्ज?" सिस्टर म्हणाल्या. "घर तुमचं, पोरी तुमच्या. मले काय विचारता?"

गाडी हलली. दौलतराव थोडं तिच्याबरोबर चालले, मग थांबले. चालू सभेत भाषण विसरलेला वक्ता मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

पहिला महिना कठीण गेला. शेजारून जळक्याचे वास येत, आणि दौलतराव भिंतीवर डोकं काढून विचारत, "वहिनी, हिंग आधी का नंतर?" ही उत्तर द्यायला तोंड उघडे आणि सिस्टर आठवून मिटून घेई. "करून पाहा ना भाऊजी दोन्ही तऱ्हेने," एवढंच म्हणे. त्यांनी दोन्ही तऱ्हेने करून पाहिलं. हळूहळू वास सुधारले. मुलींच्या वेण्या सुरुवातीला एकमेकींशी भांडण झाल्यासारख्या दिसत, त्या सरळ झाल्या. मंडळात अध्यक्ष तक्रार करू लागले की गजभियेंची भाषणं फार आखूड झाली आहेत. दौलतराव व्यासपीठावरूनच म्हणत, "कुकर लावून आलो जी," आणि खाली उतरत. मंडळाच्या इतिहासात श्रोत्यांच्या बाजूने झालेली ही एकमेव सुधारणा.

वर्ष सरलं, सिस्टर परत आल्या. स्टेशनवर पुन्हा हार झाले. दुपारी मी आणि ही त्यांच्याकडे गेलो तर ओसरीवरूनच दिसलं, त्या स्वयंपाकघरात, पदर खोचून, ओट्यासमोर उभ्या होत्या. वरणात मीठ घालायला म्हणून हात नेहमीच्या फळीवर गेला होता आणि तिथे चहापत्ती होती. त्यांनी दुसरा डबा उघडला, त्यात रवा. तिसऱ्यात कसलंसं दौलतरावांनी स्वतः कुटलेलं तिखट. बेबी मध्ये घुसली. "तू बस ना आई. तुले नाही सापडणार." तिने खालच्या फळीवरची बरणी काढली, चिमूट टाकली, चाखून पाहिलं आणि आणखी थोडं टाकलं. दौलतराव मागून म्हणाले, "आता चालते," आणि त्या दोघांनी सिस्टरच्या दोन बाजूंनी हात घालून पातेलं उतरवलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सिस्टर दोन पावलं मागे सरकल्या, मग दारापर्यंत, मग चपला पायात सरकवून बाहेर आमच्याजवळ ओसरीवर येऊन बसल्या.

"घर छान ठेवलंय हो," ही म्हणाली.

"छान ठेवलं," सिस्टर म्हणाल्या. खोचलेला पदर त्यांनी सोडून घेतला. "आपल्याबिगर सगळं चालते, हे मी इतकी वर्षं वॉर्डात पाह्यलं, ताई. नव्या नर्स पोरींनाही तेच शिकवलं. हेच व्हावं म्हणून गेली मी. पण घरात पाह्यलं तं थोडं लागलं."

आतून बेबीची हाक आली, "आई, ताट वाढलं. ये." सिस्टर लगेच उठल्या नाहीत. कुणीतरी आपल्याला जेवायला बोलावतं आहे, हे त्यांनी जरा बसून ऐकून घेतलं. हाक पुन्हा आली, तेव्हा त्या उठल्या, चपला ओसरीवर नीट जोडून ठेवल्या आणि पाहुण्यांसारख्या आत गेल्या.