पौर्णिमेचे रोडगे

परदेशात स्थायिक व्हायला पासपोर्ट लागतो, ही एक अफवा आहे. यवतमाळच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसावं, पुण्यात गाडी बदलावी आणि घाट उतरावा, झालं! उतरल्याबरोबर भाकरी पांढरी होते, लोक दुपारी दारं लावून झोपतात, आणि भाजीवालीकडे 'सांभार द्या' म्हटलं तर ती म्हणते, "काका, सांभार हॉटेलात." (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. हे तिला पटवून देईस्तोवर कोथिंबीर संपली होती.)

निवृत्तीनंतर समुद्रकाठी राहायचं हे खूळ माझं. मी कालवा निरीक्षक होतो. धरणाचं पाणी कोणाच्या शेतात केव्हा सोडायचं ते मी ठरवायचो. माझ्या सहीशिवाय पाणी हलत नसे. (म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात ते फुटक्या पाटातून स्वतःच्या मर्जीनं फिरत असे.) सगळी उमर पाणी मोजून दिलं, कमी पडलं म्हणून शिव्या खाल्ल्या. म्हातारपणी जे मोजता येत नाही आणि कमीही पडत नाही असं पाणी नुसतं पाहत बसावं, एवढीच माझी इच्छा.

बायको, मंदा, तेव्हाच म्हणाली होती, "समुद्र पाहाले माही ना नाही. पण राहाले कायले पायजे? ताजमहाल पाहाले गेलतो, तं तिथं खोली केली का आपण?"

शेवटी ती एका अटीवर तयार झाली. दिवाळीपर्यंत राहून पाहायचं. जमलं नाही तर सामान बांधायचं, यवतमाळला परतायचं आणि मग जन्मभर समुद्राचं नाव काढायचं नाही. यवतमाळचं घर कुलूप लावून ठेवलं, आणि आम्ही कोकणातल्या एका गावात (नाव सांगत नाही. कारण पुढे कळेलच, तिथे मला अजून राहायचं आहे) मयेकरांच्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो.

समुद्र छानच होता. पण मंदाला समुद्राशी बोलता येईना. यवतमाळात आमच्या गल्लीत दिवेलागणीला बाया पायरीवर बसल्या की जेवणाच्या वेळेपर्यंत उठत नसत. इकडे दोन घरांच्या मधे सुपारीची बाग! वरच्या मजल्यावरच्या मयेकरवहिनी स्वभावानं सोन्यासारख्या, पण शब्दांना सोन्याचाच भाव लावणाऱ्या. "बरं आहे ना?" "बरं आहे." संपलं संभाषण. मंदा कळंबला बहिणीला फोन लावायची, तिकडची कढईची चुरचुर ऐकत बसायची आणि फोन ठेवून नाक पुसायची. एकदा मला म्हणाली, "अवो, आज मी मिक्सरले 'थांब व बाई' म्हणलं."

दिवाळी जवळ येत चालली. मयेकरांनी सहज विचारलं, "काय भोयर भाऊजी, पुढे राहणार ना? तसं सांगा म्हणजे बरं." मी म्हटलं, दिवाळीला सांगतो.

नवरात्रात साळीकडे, म्हणजे मंदाच्या त्याच बहिणीकडे, कळंबला गेलो. मंदाचा गुडघा दुखत होता म्हणून एकटाच. चिंतामणीचं दर्शन घेऊन देवळाबाहेर आलो तर एक ओळखीचे गृहस्थ थांबले आणि ओरडले, "काहून जी, वाळून गेले पार! जेवाले देत नाहीत का तिकडं?" मला एकदम भडभडून आलं. मी वाळलो का फुगलो याची कोकणात कोणी चौकशीच केली नव्हती! देवळातून साळीच्या घरी परतताना वाटेवर कापूस फुटलेला, तुरी वाऱ्यावर हलताहेत, कुठेतरी कोणी गोवऱ्या पेटवलेल्या. तो धूर नाकात गेला आणि मला एकदम रोडगे दिसू लागले.

ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जाड कणकेचे, मुठीपेक्षा मोठे, पदर घालून वळलेले गोळे. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप ओतायचं आणि वांग्याच्या झणझणीत भाजीसोबत हाणायचे. घरात होत नाहीत. शेतात, झाडाखाली, पंगतीला होतात, आणि ते भाजणं हे पुरुषांचं काम. माणसं जमवायची असली की आमच्याकडे रोडगे लावतात. मी ठरवलं, मयेकरांना आणि शेजारच्या दोन घरांना रोडग्यांची पंगत द्यायची. मंदाला माणसं मिळतील, गप्पा होतील, ती रमेल. मी साळीच्या गोठ्यामागून पोतंभर गोवऱ्या घेतल्या.

गाडीत कंडक्टरनं पोत्याला लाथ मारून पाहिलं. "काका, काय हाय यात?"

"गोवऱ्या."

"कुठं चालले?"

"कोकणात."

"तिकडं गाई नाहीत का?"

"आहेत. पण त्या भाताचा पेंढा खातात."

"मंग?"

"मंग वास नाही येत आपला."

मग त्यानं पोतं स्वतः उचलून माझ्या सीटखाली सरकवलं. पुण्यापर्यंत मी पाय वर घेऊन बसलो आणि अधूनमधून वाकून वास घेत होतो. (शेजारचा प्रवासी पुसदला उठून मागच्या सीटवर गेला.)

दिवस निवडला कोजागिरीचा. चांदणं फुकट! जागेचा प्रश्न होता. मयेकर म्हणाले, "वाडीत जाळ नको हो, सगळा पाचोळा आहे." मग त्या दिवशी मी गोवऱ्यांचं पोतं घेऊन समुद्रावर जागा पाहायला गेलो. संध्याकाळचे पाच वाजले असतील. पाणी दूर, पार क्षितिजाला टेकलेलं. मधे अफाट मैदान. एवढं मोठं शेत आणि कुंपण नाही! वरच्या बाजूची वाळू भुसभुशीत होती, तिच्यात पाय रुततात. खालची मात्र घट्ट, सपाट, सडा मारल्यासारखी ओलसर. पंगतीला अशी जमीन नशिबानं मिळते. हा सडा मारला कोणी, असा प्रश्न मला पडला नाही.

मी तिथे खड्डा खणला, गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. मयेकर चटया घेऊन आले ते जागेवरच थबकले.

"भाऊजी, जरा वर घेऊ या का?"

"वर भुसभुशीत आहे."

"आज पौर्णिमा आहे हो. उधाण असतं."

"उधाण म्हणजे पाणी वाढणार, एवढंच ना? वाढू द्या." मी हसलो. "मयेकर, पाण्याचं मला सांगू नका. सगळी नोकरी पाण्यात काढली. एवढ्या लांबून इथवर पाणी यायला..." मी डोळे बारीक करून अंदाज घेतला, "उद्या दुपार होईल."

मयेकर पाहुण्याचा अपमान न करणाऱ्या घरातले. ते फक्त चटया घेऊन वर गेले आणि त्यांनी त्या बऱ्याच लांब, नारळांखाली अंथरल्या. मला वाटलं, यांना धुराचा त्रास होतो.

माणसं आली. मंदानं वांग्याच्या भाजीचा मोठा गंज आणून माझ्याजवळ ठेवला. कोकणातल्या बाया चटईवर एका रांगेत, हात मांडीवर, अगदी गप्प. मंदा त्यांच्या शेवटी, तीही गप्प. वाटलं, लग्नात मुलाकडच्यांसमोर बसलेत सगळे! चंद्र उगवला. मी एकटाच आगीशी, अंगात बनियन, डोक्याला दुपट्टा, तोंडानं अखंड बडबड. "असा भाजावा लागतो! घाई नाई करायची!" निखारे लालभडक झाले, रोडगे पुरले, वर राख ओढली. आणि तो वास आला. क्षणभर मला समुद्राचा आवाजही ऐकू येईना. मी साळीच्या शेतात होतो, कडुलिंबाखाली.

"भाऊजी, वर या आता!" मयेकर ओरडले.

"अजून कच्चे आहेत!"

"अवो, पाय पाहा तुमचे!" ही मंदा.

मी पाय पाहिले. पाय नव्हते. म्हणजे होते, पण पाण्याखाली.

पुढची लाट काही बोलली नाही. ती आली आणि खड्ड्यात बसली. फस्स! असा काही धूर उठला की चंद्र दिसेनासा झाला. कळंबच्या गोवऱ्यांचा काळा काला माझ्या बनियनवर. लाट परत निघाली आणि तिच्यामागोमाग माझे रोडगे, शाळा सुटल्यासारखे, एकमेकांना ढकलत अरबी समुद्राकडे निघाले! मी त्यांच्यामागे धावलो. दुसरी लाट आली आणि मी बसलो. तिसरीनं गंज उचलला. झाकणासकट, डौलानं, वांग्याची भाजी तरंगत चालली.

"अरे, भाजी गेली!" मयेकर धोतर खोचून पाण्यात शिरले. त्यांच्यामागे वहिनी, शेजारणी, सगळ्या! ज्या बाया तासभर एक शब्द बोलल्या नव्हत्या त्या ओरडत होत्या, "तो बघा, तो मोठा गोळा! धरा, धरा!" "वहिनी, गंज सोडू नका!" आणि कमरेएवढ्या पाण्यात, लुगडं खोचून, गुडघेदुखी विसरलेली माझी मंदा रोडगे वेचत होती! एका हातात रोडगा, दुसऱ्या हातात मयेकरवहिनींचा दंड, आणि ती हसत होती. अशी हसत होती की तिला उभं राहता येईना. कोकणात आल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

"अवो निरीक्षक," ती ओरडली, "पाणी कोणाच्या सहीनं सोडलं आज?"

वहिनी तर पाण्यातच बसल्या.

रोडगे पाचसहाच हाती लागले, तेही बाहेरून भिजलेले. सगळे ओलेचिंब मयेकरांच्या पडवीत आलो. वहिनींनी कोरडी लुगडी वाटली, तांदळाच्या भाकऱ्या टाकायला घेतल्या. मंदा त्यांच्या चुलीशी जाऊन बसली, रोडगे पुन्हा भाजू लागली आणि तोंडानं सुरू झाली, मी नोकरीत कुठे कुठे तोंडघशी पडलो ते. प्रत्येक किस्सा! मला ठाऊक नसलेलेही! आतून हास्याचे लोट येत होते. बाहेर मयेकरांनी भाजीचा पहिला घास घेतला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "चव उत्तम. मीठ किंचित पुढे गेलंय."

मी मात्र माझ्या वाटेचा अर्धा रोडगा हातात धरून पायरीवर बसलो होतो. भाजला होता चांगला. पण वास गेला होता. खाऱ्या पाण्यानं तो धूर कुठल्या कुठे नेला. मंदा बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी टेकली.

"कच्चा हाय का?"

"नाही."

"मंग?"

"काही नाही."

"रोडगे माह्यासाठी आणले म्हणता," ती हळूच म्हणाली, "पण मले कई आवडतात जी? आंगावर येतात माह्या. तुमालेच पायजे होते." आणि उठून आत गेली. आतून तिला हाका येत होत्या.

त्या दिवसानंतर आमचं दार दुपारी लागलंच नाही. मयेकरवहिनी, शेजारणी, कोणी ना कोणी पायरीवर. मंदा ओहोटीला त्यांच्यासोबत शिंपल्या वेचायला जाते. सुपारी सोलते. भरती केव्हा ते कोणाला न विचारता सांगते. कळंबच्या बहिणीचा फोन आला तर म्हणते, "थांब व, मंग करते, बाया आल्या हायत."

दिवाळी आली. मी बॅगा माळ्यावरून काढून, पुसून, दाराशी ठेवल्या होत्या. (धूळ बसू नये म्हणून, असं मंदाला सांगितलं.) मयेकर फराळाचं ताट घेऊन खाली आले. "काय मग भाऊजी, काय ठरलं?"

मी मंदाकडे पाहिलं. अट तिची होती, शब्द तिचा होता. ती आता 'चला' म्हणणार, मी चार दिवस रुसल्यासारखं दाखवणार, आणि आठवड्याच्या आत यवतमाळच्या स्टँडवर उतरून कोणीतरी मला विचारणार, काहून जी, वाळले?

"ठरवाचं काय त्यात?" मंदा चकली मोडत म्हणाली. "राहतो न आमी! ह्यायले केवढी हौस समुद्राची. मन मोडाचं का माणसाचं?"

मी चकली खाल्ली. दुसरं काय करणार? समुद्राचं खूळ माझंच होतं.

आता रोज संध्याकाळी मी समुद्रावर जाऊन बसतो. वर, कोरड्या वाळूत. तोंड पूर्वेला. तिकडे घाट, घाटापलीकडे पुणे, त्याच्या पुष्कळ पुष्कळ पुढे कापूस. पर्यटक सूर्यास्ताचे फोटो काढायला येतात आणि पाण्याकडे पाठ करून बसलेला म्हातारा पाहून थांबतात. परवा एक बाई फारच कळवळल्या. वाकून म्हणाल्या, "आजोबा, समुद्र मागे आहे. फिरवून बसवू का तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत शिंपल्यांची टोपली घेऊन चाललेल्या बायांमधून मंदाचा आवाज आला.

"राहू द्या हो ताई! ते नवे आहेत इथे."