वगळलेली दोन पानं

रविवारी पुरवणी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. मी चार पानं लिहून दिली होती, छापली होती दोनच. कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचे गुण तेवढे ठेवून दोष सगळे उडवले होते. खाली माझं नाव, आणि नावाखाली त्याच खेळाची सीडी विकणाऱ्या दुकानाची भलीमोठी जाहिरात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोपरगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. दुपारी बॅच नसायची तेव्हा तिथल्या मशीनवर गुप्तहेराचा हा खेळ खेळायचे. नदीकाठचं एक परदेशी गाव, तिथं झालेली चोरी, आणि तपास करणारे आपण. नगरच्या एका दैनिकाच्या पुरवणीच्या संपादकांना हे कुणाकडून तरी कळलं. त्यांनी पत्र पाठवलं, "गुण-दोष दोन्ही लिहा."

गुण मी मनापासून लिहिले. त्या गावात कुठंही जाता यायचं, कुणी बोट धरून न्यायचं नाही. बेकरीवाला दुपारी दुकान बंद करायचा, पोस्टमन ठरल्या वेळी पुलावरून जायचा. त्यांच्या वेळा ध्यानात ठेवून माग काढावा लागायचा. पहिले आठ दिवस तर मी तपास सोडून नुसती हिंडत होते.

पण बंगल्यांत शिरायला मालकाची परवानगी लागायची. न विचारता दाराला हात लावला, की आपलाच गुप्तहेर म्हणायचा, 'हे सभ्यपणाचं नाही.' नदीकाठच्या मजुराच्या झोपडीत मात्र केव्हाही घुसा, अंथरूण उचका, पेटी उपडी करा. मजूर कोपऱ्यात उभा. त्याला काही विचारायची सोयच ठेवलेली नव्हती. आणि पुरावा नसताना त्याच्यावर आरोप ठेवला, तरी 'तपास पूर्ण' म्हणून खेळ संपायचा.

हे मला सोसलं नाही, उरलेली दोन पानं मी त्यावरच लिहिली. माझे वडील साखर कारखान्यात मजूर. आमची बौद्धांची वस्ती कारखान्याच्या कुंपणाला लागून. कारखान्यातून काही चोरीला गेलं, की पोलीस आधी आमच्याकडे. मी सातवीत असताना त्यांनी आमची पेटी अंगणात उपडी केली. आईची लुगडी मातीत. सापडलं काहीच नाही, पण लुगडी आम्हीच गोळा केली.

सोमवारी सुट्टी टाकून मी एसटीनं नगर गाठलं.

"जागा नव्हती हो," संपादक म्हणाले.

"जाहिरातीला होती."

"मॅडम, खेळच आहे तो! झोपडी न् बंगला कशाला आणता त्यात?"

"मी नाही आणलं. खेळ करणाऱ्यांनी आणलंय. तुम्ही दोष मागितले, मी दिले. उरलेलं पुढच्या रविवारी छापा, नाहीतर माझं नाव मागे घेतल्याचं छापा."

त्यांनी चष्मा पुसला. "वैयक्तिक घेताय तुम्ही."

"घेणारच! पेटी आमची होती."

माझा आवाज एवढा चढला, की शेजारच्या टेबलावरचे दोघं लिहायचे थांबले. संपादकांनी चहा मागवला. मी तो न पिता उठले.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांना कॉम्प्युटर ठाऊक नव्हता, झोपडीचं मात्र लगेच कळलं.

"एवढ्या लांब भांडायला गेल्तीस?"

"हो."

"बरं केलंस," ते म्हणाले. "मला तवा तोंड उघडता आलं न्हाई." मग जेवणावरून उठून बाहेर जाऊन बसले.

पुढच्या रविवारी काहीच छापून आलं नाही. मी ती दोन पानं टाइप करून क्लासच्या बोर्डावर लावली. मालकांनी काढली. क्लासच्या मशीन त्या जाहिरातवाल्या दुकानातूनच यायच्या. मी पुन्हा लावली. त्यांनी पुन्हा काढली आणि म्हणाले, "नोकरी करायची का पुढारपण?"

मी महिनाअखेरीस क्लास सोडला आणि नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरला दुसऱ्या क्लासमध्ये लागले. जाण्यायेण्यात दिवस मोडायचा. त्या पुरवणीचं पुन्हा एकदा पत्र आलं, नव्या खेळावर लिहा म्हणून. मी ते फाडलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.